विहीणबाईंचं 'आठे'

दिवस मावळायच्या आत गाडी सापुताऱ्याहून सुरतेला परत आली नाही, तर ती भंगारात जाणार, असं मी स्वतःच्या तोंडानं बायकोला कबूल करून बसलो होतो. चंपाचं म्हणणं, नवरा दर रविवारी गाडीखाली आणि धाकट्या लेकीची स्कूटर उन्हात, हे किती वर्षं चालायचं? तिचंही चूक नव्हतं. पण ही फियाट माझ्या वडिलांनी मिलच्या साहेबांसाठी उभा जन्म चालवली होती. ती गेली असती तर मला अन्न गोड लागलं नसतं. चंपानं भंगारवाल्या भटूला सांगूनही ठेवलं होतं.

सुरत ते सापुतारा आणि परत अशा जुन्या गाड्यांच्या या दौडीत पहिलं येण्याला काही किंमत नसते. नेमून दिलेल्या वाटेनं जायचं, मधल्या नाक्यांवर शिक्का घ्यायचा आणि आपल्या चाकांवर परत यायचं. शेजारी वाट सांगणारं माणूस मात्र लागतंच. जावई कुंदन येणार होता, तर ऐनवेळी त्याला ताप भरला आणि त्यानं आपल्या आईला पाठवलं. भागीरथीबाई! लग्नात मानपानावरून माझा घाम काढलेल्या माझ्या विहीणबाई.

बाई हुशार निघाल्या. मांडीवर नकाशा, हातानं खूण; जाताना एक वळण चुकलं नाही. बोलणं मात्र घरचं, अहिराणी. आम्ही बुलढाण्याकडचे. आम्हाला ती निम्मी कळते, उरलेली कळल्यासारखं दाखवतो.

परतताना त्यांच्या हातात भाकरी होती, त्यामुळे खूण झाली नाही. एका फाट्याशी त्या मला, म्हणजे आपल्या व्याह्याला, नुसतं म्हणाल्या, "याही, आठे वळा."

आठ किलोमीटरवर वळायचं, ठीक. मी मान डोलावून सरळ निघालो. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पण मुलीचा बाप विहिणीला उलटून विचारत नसतो. आठ पुरे झाल्यावर पहिलं दिसलं ते वळण घेतलं. वाट उसात शिरली आणि पाटाच्या कडेला चिखलात संपली. चाक रुतलं. फोनला रेंज नाही.

"आते आठे काय शे?" बाईंनी विचारलं.

"तुमीच म्हनले ना, आठवर वळा!"

"आठ कोनी सांगं? मी आठे सांगं! या जागावर! तुमले आयकू येस नई का?"

"मंग तवाच बोलायचं ना, बाई!"

"याही शेतस म्हनीसन गप बसनू!"

एकमेकांचा मान राखता राखता आम्ही उसात येऊन बसलो होतो. लग्नापासून पोटात धरलेलं सगळं मी तिथं ओकलो. त्यांनीही काही बाकी ठेवलं नाही. मग त्यांना हसू फुटलं आणि मलाही आवरेना.

हसून झाल्यावर विहीणबाईंनी पदर खोचला, चाकाखाली पाचट कोंबलं आणि मला आत बसवून मागून रेटा दिला. गाडी निघाली. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला.

बारडोलीच्या शेवटच्या नाक्यावरचा माणूस टेबल आवरत होता. त्यानं शिक्का मारला. सुरतेत शिरताना पर्वत पाटियाला कापडाच्या टेम्पोंमध्ये अडकलो तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. पण दौड संपते त्या मैदानात शिरलो तर घरांच्या वर अजून थोडं ऊन होतं. मी इंजिन बंद केलं आणि जीव भांड्यात पडला.

"चंपा, आली! चाकांवर आली! कुठाय तो भटू? दाव त्याला!"

चंपानं आधी विहीणबाईंचा चिखलानं भरलेला पदर पाहिला, मग मला. डोळे लाल झाले होते तिचे.

"त्याला कवाच परत लावून दिलं," ती म्हणाली. "गाडी बारडोलीच्या नाक्यावर अजून पोचलीच नाही असा निरोप आला, तवाच. म्हनलं, गाडी ऱ्हाऊ दे जलमभर दारात, मानसं तेवढी घरी येऊ दे."