साडूचे पांढरे बूट

दरवानाला साडूचा हेवा वाटे, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. बायकोलाही त्याने ती कधी सांगितली नव्हती. पण सकाळी चहाचं आधण ठेवताना नवरा ओट्यामागच्या टाइल्सकडे ज्या नजरेने बघे, ती नजर तिला बरोबर कळे. त्या टाइल्स साडूने बसवून दिल्या होत्या. फुकट. स्वतःच्या हाताने, गुडघे टेकून, "घरचंच काम आहे, साडूभाऊ," असं म्हणत. तेव्हापासून दरवानाला स्वतःच्या स्वयंपाकघरात साडूकडे तोंड करून चहा करावा लागे.

पूर्वी असं नव्हतं. थोरला जावई तो. लग्न झालं तेव्हा शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या दारात पितळी बटणांचा कोट घालून उभा राहणारा जावई म्हणून सासरे त्याला चारचौघांत मिरवत. "आमच्या जावयाने दार उघडल्याशिवाय भल्याभल्यांना घास मिळत नाही," असं सांगत. मग धाकट्या मेहुणीने एका फरशी बसवणाऱ्याशी लग्न केलं. सासऱ्यांनी नाक मुरडलं. दरवानाला तर मेहुणीची दयाच आली. लोकांच्या न्हाणीघरात उकिडवा बसणारा माणूस! पण उकिडवं बसता बसता त्याने दुकान टाकलं, दुकान वाढवलं, गाडी घेतली, आणि तरी डोक्यात हवा म्हणून गेली नाही. हेच दरवानाला सगळ्यात जास्त डाचायचं. साडू जरा माजला असता तर निदान नावं ठेवायला जागा राहिली असती. पण तो सासूची औषधं आणायचा, सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचा, आणि जेवायला बसताना वर म्हणायचा, "आधी साडूभाऊंना वाढा."

सासरे आता मिरवत ते धाकट्या जावयाला.

हॉटेलात जेवायला येणारे बहुतेक गोरे असत. दरवान, त्याचं सासर, आत भांडी घासणाऱ्या बायका ही सगळी सावळी-काळी माणसं. दाराशेजारी पाटी होती: पुरुषांनी कॉलरचा शर्ट आणि बंद बूट घालावेत, खेळाचे बूट, टोप्या, फाटक्या पँटी चालणार नाहीत. नियम सगळ्यांना सारखा, असं मॅनेजरने सुरुवातीलाच सांगितलं होतं. वर म्हणाला होता, "पण डोकं वापरायचं."

डोकं वापरायचं म्हणजे काय, ते दरवान हळूहळू शिकला. गोरं गिऱ्हाईक फाटक्या पँटमध्ये आलं तर मॅनेजर काचेआडून हसून हात हलवी. सावळं कुटुंब पायऱ्या चढू लागलं की त्याचा हात टायच्या गाठीकडे जाई. मग दरवानाने नजर खाली न्यायची आणि काहीतरी शोधायचं. शोधायला बसलं की सापडतंच. कुणाचे बूट कापडी, कुणाची कॉलर मऊ. काहीच नाही सापडलं तर शर्टाचा रंग भडक. हे काम दरवान फार गोड बोलून करी. आपल्या माणसाला आपल्याच माणसाने नाही म्हटलं तर कमी लागतं, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

गोऱ्यांमध्ये एक तरुण होता, कुठल्याशा बड्या बिल्डरचा मुलगा. तो आला की डोक्यावरची टोपी काढून दरवानाच्या अंगावर फेकायचा आणि म्हणायचा, "ए, नीट धर." दरवानाला त्याचा मनापासून तिटकारा होता. पण टोपी तो झेलायचा.

त्या संध्याकाळी साडूच्या लग्नाचा वाढदिवस होता. भावोजींना चकित करायचं म्हणून मेहुणीने आधी काही कळू दिलं नव्हतं. गाडी दारासमोर थांबली, आणि दरवान सवयीने पुढे झाला तर आतून साडू उतरला. मापात शिवलेला करडा कोट, आत कडक कॉलरचा शर्ट. मेहुणी निळ्या रेशमात. तिच्या अंगाला महागड्या अत्तराचा वास येत होता. दरवानाच्या मनात आलं, माझ्या बायकोने असं अत्तर हुंगलं तरी आहे का कधी?

"भावोजी!" मेहुणी हसत म्हणाली. "आज आम्हालाही दार उघडा की!"

दरवानाने काचेतून आत पाहिलं. मॅनेजर दिसत नव्हता. तो स्वयंपाकघरात गेलेला होता. टायच्या गाठीकडे जाणारा हात तिथे नव्हता. दार उघडलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण दार उघडायचं म्हणजे साडूला वाकून नमस्कार करायचा, त्याची खुर्ची दिसेल अशा जागी रात्रभर उभं राहायचं, आणि रविवारी सासरी त्याचं कौतुक ऐकायचं. दरवानाची नजर आपोआप खाली गेली. साडूचे बूट पांढरे होते. चामड्याचेच, नवे कोरे, पण जाड रबरी तळव्याचे.

"हे बूट चालत नाहीत इथे," तो म्हणाला.

मेहुणीला चेष्टाच वाटली. "पुरे हं, भावोजी."

"चेष्टा नाही. खेळाचे बूट आहेत. पाटी वाचा."

"खेळाचे नाहीत हो, साडूभाऊ," साडू समजुतीने म्हणाला. "दुकानात दिवसभर उभं राहतो ना, पाय दुखतात. पण नियम असेल तर घरी जाऊन बदलून येतो. अर्ध्या तासात आलो."

"तोवर टेबल राहायचं नाही."

हे म्हणताना दरवानाला बरं वाटलं, उन्हातून येऊन गार पाणी प्यायल्यावर वाटतं तसं. साडूचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत तो उतरलेला दरवानाने पहिल्यांदाच पाहिला, आणि आणखी थोडा वेळ पाहत राहावा असं त्याला वाटलं.

तेवढ्यात पायऱ्यांवरून कुणीतरी धाडधाड वर आलं. बिल्डरचा मुलगा. पायांत मळके कापडी बूट, नाड्या सुटलेल्या, अंगात बिनकॉलरचा बनियनसारखा शर्ट. त्याने टोपी फेकली. दरवानाच्या एका हाताने ती झेलली आणि दुसऱ्या हाताने दार उघडलं. "या, साहेब," त्याच्या तोंडून गेलं. दोन्ही हातांनी आणि तोंडाने त्याला विचारलंसुद्धा नाही.

दार बंद झालं. साडूने आत जाणाऱ्या त्या बुटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे, मग दरवानाकडे. मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावोजी, तुम्ही?" एवढंच ती म्हणाली. साडूने तिचा हात धरला आणि दोघं पायऱ्या उतरून गेली.

मॅनेजर बाहेर आला तो खूश होऊन. शेवटचं त्याने काचेतून पाहिलं होतं. "वा! मला सांगावंसुद्धा लागलं नाही," तो म्हणाला आणि त्याने दरवानाच्या पाठीवर थाप मारली. "आता तयार झालास तू."

दरवानाचं मघाचं समाधान तिथेच विरलं. त्याने केलं ते फक्त साडूशी केलं होतं, असं तो समजत होता.

घरी बायकोने ताट वाढलं आणि पाठ फिरवून बसली. बहिणीचा फोन येऊन गेला होता.

"नियम म्हणजे नियम," दरवान म्हणाला.

"मला नका सांगू. टाइल्स बसवल्या तेव्हापासून तुमचं पोट दुखतंय. मला काय कळत नाही?"

साडूने तक्रार केली. गोष्ट वर्तमानपत्रात आली, तशी आणखी माणसं पुढे आली. एक शाळेत शिकवणारी बाई होती. वडिलांच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या भडक शर्टावरून दोघांना परत पाठवलेलं. परत पाठवणारा दरवानच. त्याला ती आठवत नव्हती, आणि ते त्याला फार लागलं. शेवटी नगरपालिकेने एक अधिकारी बाई चौकशीला नेमली.

चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने दरवानाला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तक्रार करणारा तुझा साडू निघाला म्हणे! मग सोपंच आहे. घरगुती कुरबूर होती म्हणून सांग. हॉटेलचा काय संबंध? मी तुला त्या दिवशी काही म्हणालो होतो का? खोटं बोलायचंच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आत टेबलांवर देखरेखीला एक माणूस हवाय. कोट वेगळा मिळेल."

संध्याकाळी साडू घरी आला. ओट्याशी उभा राहूनच बोलला. "साडूभाऊ, मला तुमचा राग नाही. तुम्हाला वरून हुकूम असणार. तुम्ही मनाने तसे नाही, हे मी हिलाही सांगितलं. फक्त उद्या तेवढं सांगा, की मॅनेजरने अडवायला लावलं."

दरवानाच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडावंसं वाटलं, की हुकूम नव्हता, मीच केलं, मला तुमचं तोंड पाहवत नाही! मनाचा मोठेपणासुद्धा यानेच घ्यायचा! शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर फिट्टंफाट झाली असती. "बघतो," एवढं बोलून त्याने साडूला चहा दिला. साडूने चहाचीही तारीफ केली.

दरवान विचार करून थकला. मॅनेजर सांगत होता ते खरं होतं, पण ते बोललं की बाकी सगळं खोटं ठरत होतं. साडू सांगत होता ते नेहमीचं खरं होतं, फक्त त्या संध्याकाळचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचं दालन रिकामं होतं. टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. एका टेबलाशी अधिकारी बाई, बाजूला मालक आणि मॅनेजर, समोर साडू. बाईंनी विचारलं, "यांना अडवायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," दरवान म्हणाला. "मीच अडवलं."

मॅनेजरने सुस्कारा सोडला. साडूने मान वर केली.

"का?"

"ते माझे साडू आहेत. मला त्यांचा हेवा वाटतो." "त्यांच्या दुकानाचा, गाडीचा. सासरे त्यांचं कौतुक करतात त्याचा. त्यांना दारातून परत पाठवताना मला आनंद झाला, बाई."

"म्हणजे घरगुती बाब झाली ही," मालक पटकन म्हणाला.

"माझं संपलं नाही, साहेब." दरवानाने मालकाला असं कधी थांबवलं नव्हतं. "बाई, इथे एक गोरा मुलगा येतो. माझ्या अंगावर टोपी फेकतो. त्याचा मला साडूंपेक्षा शंभरपट राग आहे. तो दर वेळी कापडी बुटांत येतो. त्याला अडवावं असं मला रोज वाटतं. पण एकदाही अडवता आलं नाही. त्या संध्याकाळीसुद्धा साडू दारात उभे होते आणि तो त्यांच्या बाजूने आत गेला. राग दोघांवर होता, पण तो काढायला मिळाला एकावरच. कारण साडूंना अडवलं तर मला कुणी जाब विचारणार नाही, हे मला माहीत होतं. ते मला इथेच शिकवलंय."

मग त्याने टायच्या गाठीचं सांगितलं, भडक रंगाचं सांगितलं, शिक्षिकेचं सांगितलं. मॅनेजर मधे बोलू लागला तेव्हा बाईंनी त्याला हाताने थोपवलं.

निकाल हॉटेलच्या विरुद्ध गेला. पाटी बदलली, मॅनेजर गेला, आणि मालकाला सगळ्यांची जाहीर माफी मागावी लागली. दरवानाला काढलं नाही. मागच्या दाराशी भाज्यांच्या गाड्या मोजायला बसवलं. तिथला वास आणि अपमान सहन होईना, तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि एका नाट्यगृहाच्या दारावर लागला. तिथे तिकीट असलं की बूट कुणी बघत नव्हतं.

साडू मात्र सासरी येईनासा झाला. आला तरी दरवान असेल तेव्हा नाही. "साडूभाऊंना वाढा" बंद झालं. दरवानाला ते बंद व्हायला हवं होतं, आणि आता त्यावाचून घास घशाखाली उतरत नव्हता.

वर्तमानपत्रात फोटो आला तो साडूचा. सासूने कापून कपाटाच्या दाराला चिकटवला. दरवान मनात म्हणाला, बोललो मी, आणि फोटो याचा!

काही महिन्यांनी त्याच नाट्यगृहात अशा भेदभावाविरुद्ध सभा झाली. साडू व्यासपीठावर बोलला, आणि चांगला बोलला. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मागच्या दाराशी उभ्या दरवानाच्या पोटात जुनी कळ उठली. बायको शेजारी होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कोपराने ढोसलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

सभा सुटल्यावर गर्दीतून साडू दाराशी आला. चौकशीनंतर पहिल्यांदाच दोघं समोरासमोर.

"त्या दिवशी बरं बोललात," साडू म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "पण ऐकताना फार लागलं मला. कितीदा वाटलं, हा माणूस माझ्या घरी जेवलाय."

"लागणारच," दरवान म्हणाला.

"अजून आहे का ते?"

दरवानाने त्याच्यामागच्या गर्दीकडे पाहिलं. माणसं साडूशी हात मिळवायला ताटकळत होती.

"आहे," तो म्हणाला. "आज तर जास्तच."

"बरं," साडू म्हणाला. "रविवारी मी येणार आहे सासरी. तुम्हीही या."

कुणीतरी साडूच्या दंडाला धरून त्याला फोटोसाठी ओढून नेलं. दरवानाने दाराचं दुसरं कवाड उघडलं, कारण बाहेर पडणाऱ्यांची रीघ लागली होती.