स्पेसवरची हळद

मित्रांनो, मी जुना कीबोर्ड आहे. जुना म्हणा, चालेल. मेलेला म्हणालात तर मात्र ऐकून घेणार नाही.

सेलूच्या बाजारात, कापसाच्या गाड्या जातात त्या रस्त्यावर, दत्तरावांचं टायपिंगचं दुकान आहे. तिथं मी लग्नपत्रिका, अर्ज आणि सप्ताहाची पत्रकं लिहीत आलो. माझी घडण वेगळी. इतर बऱ्याच कीबोर्डांत बटण दाबलं की आतले भाग एकमेकांना टेकतात आणि टेकून टेकून झिजतात. माझ्या प्रत्येक बटणाखाली उजेडाचा एक बारीक किरण आहे. बटण वर असलं की तो अडतो. दाबलं की पलीकडे पोचतो आणि अक्षर उमटतं. तिथं घासायला काही नाही, मग झिजणार काय?

माझ्यावर बोटं चालतात ती राजेश्रीची. ती मोबाईलवर कीर्तन लावूनच टाइप करते. टाळ वाजू लागले की तिची बोटंही ठेक्यात पडतात. खरं सांगतो, त्या वेळी मला मीच मृदंग वाटतो.

गेल्या वर्षी खंडेनवमीला दत्तरावांनी पूजेचं ताट आणलं. संगणकाला फूल, प्रिंटरला गंध आणि मला, सगळ्यात लांब बटण म्हणून स्पेसवर, चिमूटभर हळद. प्रेमानंच लावली हो. पण ती फटीतून खाली उतरली.

दसरा झाला, दुकान उघडलं आणि देवगाव फाट्याचे चंद्रभान आले. सप्ताहाचं पत्रक त्यांना संध्याकाळच्या आत हवं होतं. राजेश्रीनं लिहायला घेतलं, तर शब्दांत जागाच सुटेना. सगळ्या महाराजांची नावं एकमेकांना चिकटली.

"असं छापलं तर लोक म्हणतील, एकच महाराज सातही दिवस कीर्तन करायलेत," चंद्रभान म्हणाले.

"लय जुना झालाय तो. फेक भंगारात," दत्तराव राजेश्रीला म्हणाले. "उद्या परभणीहून नवा आणतो."

"उद्या? मग मी दुसरीकडं बघतो."

मला हे मुळीच मान्य नव्हतं. एका बटणापायी भंगारात? बाकीची सगळी बटणं चालत असताना?

राजेश्रीनं स्पेसचं टोपण उचकटलं. आत सगळं पिवळं.

"काका, ही तुमचीच हळद. पूजा बी करता अन् वर त्यालाच भंगार म्हणायलात?"

दत्तरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "देवाला लावायची सवय हाय, बाई."

"देव टाइप करत न्हाई, काका."

तिनं मला उलटा धरून हलकेच झटकलं, कोरड्या ब्रशनं ती फट साफ केली आणि टोपण बसवलं. बोट टेकलं. किरण पलीकडे पोचला, जागा सुटली. एकेक महाराज आपापल्या दिवशी जाऊन बसले आणि चंद्रभान पत्रकं घेऊनच गेले.

यंदाच्या खंडेनवमीला दत्तरावांनी हळद टेबलाच्या पायाला लावली. मला आधी ब्रशनं झाडलं, मग हात जोडले. अशी पूजा मला रोज चालेल.

मित्रांनो, तुमच्या घरच्या यंत्रांनाही नमस्कार जरूर करा, पण आधी त्यांची धूळ झाडा. आणि कुणाला भंगारात काढायचंच असेल, तर एकदा टोपण उघडून आत बघा. माझा उजेड अजून जागच्या जागी आहे. ठेवा बोट, दाखवतो.