लाल ठिपका

"एवढासा स्क्रू, पण माज बघा केवढा," सासरे माझ्या कानाशी पुटपुटले. स्क्रू त्यांच्या बोटाला लागूनच पडला होता. मी तो उचलून त्यांच्या चिमट्यात दिला आणि दोघांनीही काही घडलंच नाही असा चेहरा केला. आमच्या चष्म्याच्या दुकानात आताशा हे रोजचंच झालं होतं.

तेवढ्यात सकाळी नवा चष्मा घेऊन गेलेले बसचालक परत आले. डबी विसरली होती. "झकास दिसतंय," ते म्हणाले. "जिन्याच्या पायऱ्या तेवढ्या जरा नाचतात. होईल ना सवय?"

मी हसत हसत चष्मा मागून घेतला, मागच्या खोलीत मशीनवर तपासला, आणि हसू तिथेच मावळलं. उजवी काच डावीकडे, डावी उजवीकडे. गोल फ्रेममध्ये कुठलीही काच कुठेही बसते, म्हणून नवरा काच घासली की उजवीवर लाल ठिपका देतो. सासऱ्यांनी तो बघून काच बसवायची आणि मग पुसायचा. ठिपका कडेला तसाच होता. डावीकडे.

मागच्या खोलीतच घरची पंचायत बसली. नणंदेचा व्यावसायिक नीतिशास्त्राचा पेपर तोंडावर आलेला. घरात कुणी शेवटचं बिस्कीट उचललं तरी ती त्याचा नैतिक निकाल लावायची.

"नीतिशास्त्राच्या तिन्ही शाखांतून बघू," ती म्हणाली. "परिणाम बघितला, तर उद्या हे काका बसभर माणसं घेऊन निघणार. कर्तव्य म्हणतं, काही होवो, गिऱ्हाइकाला खरं सांगा. आणि तिसरी शाखा विचारते, आपण माणसं कसली?"

"उपाशी," सासूबाई म्हणाल्या. "जेवायची वेळ टळून गेली. तिन्ही शाखांना फळ एकच लागलंय ना? मग द्या काचा बदलून."

"बदलतोच आहे," नवरा म्हणाला. "पण सांगायचं काय? मशीन बिघडलं म्हणू."

"त्याला बिचाऱ्याला तोंड नाही म्हणून?" नणंद म्हणाली.

"मग दोष द्यायला दादाला दुसरं नाव सुचव," सासूबाई म्हणाल्या.

नणंद नीतिशास्त्राची वही चाळायला लागली. सासूबाईंना एकदम गॅसवरचं दूध आठवलं. मी मशीन पुसायला लागले. पडद्यापलीकडे दुकानात, काचा बसवायच्या आपल्या खुर्चीत सासरे बसले होते. ताप भरला तरी त्यांनी ती कधी सोडली नव्हती. त्यांना तिथून उठा म्हणणार कोण?

नवरा चष्मा घेऊन बाहेर गेला. मीही मागोमाग गेले. "काय झालं काका, आमच्या मशीनचा जरा…"

"मशीन शहाणं आहे," सासरे म्हणाले. पडदा कापडाचा, आणि कान त्यांचे अजून तिखट. त्यांनी चिमटा खाली ठेवला, खुर्ची सोडली आणि सावकाश येऊन अक्षरांच्या तक्त्यासमोर, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

"काचा मी उलट्या बसवल्या, साहेब. लाल ठिपका मला दिसला नाही. बरेच महिने दिसत नाहीये."