काळ्या बिस्किटांचा पत्रा

मित्रांनो, मी एक अर्धा पत्रा आहे. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. माझ्या तीन कडा दुमडलेल्या आहेत आणि चौथी कापून, कानशीने घासून गुळगुळीत केलेली आहे.

पूर्वी मी अख्खा होतो. खडकी बाजारातल्या एका बेकरीत, लाकडाच्या भट्टीवर, माझ्यासारखे पुष्कळ पत्रे होते. एरवी आमच्यावर खारी आणि टोस्ट भाजले जात. ईद किंवा दिवाळी जवळ आली, की आसपासची बिऱ्हाडे मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत येत. बायका तिथेच पीठ मळत, नानकटाया वळत आणि आपला पत्रा दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून काही खूण ठेवत. नसीमबानू कोपऱ्यातली एक नानकटाई चौकोनी वळत.

भट्टी सांभाळणारे युसूफभाई माझे कौतुक करत. "हा पत्रा सरळ आहे, नसीमबानूंना हाच द्या," ते म्हणत. "नाहीतर पुढच्या ईदपर्यंत ऐकावं लागेल."

मग भट्टी बंद झाली. विजेचा मोठा ओव्हन आला, त्याचे चकचकीत ट्रे आले. आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. आमच्यावर ओली पोती वाळत घालू लागले. मला गंज चढला. भंगारवाल्याची हातगाडी दारात आली, तेव्हा नसीमबानू पाव घ्यायला आल्या होत्या.

"हा भंगारात देताय? अहो, हा माझा पत्रा."

"घरी नेऊन काय करणार? तुमच्या ओव्हनमध्ये मावायचा नाही," युसूफभाई म्हणाले.

"माझी सासू आमच्या क्वार्टरमध्ये मावायची नाही, असं सगळे म्हणत होते. मावली."

त्यांच्या मुलाने बुधवार पेठेतून घरगुती ओव्हन आणला होता. त्याच्या मापाने मला कापले. उरलेला अर्धा भाऊ आज गच्चीवर कुंड्यांखाली आहे. नसीमबानूंनी मला मीठ-लिंबाने घासले, तेल लावून तापवले आणि मी पुन्हा कामाला लागलो.

पुढे ती मोठी साथ आली. नसीमबानूंना ताप आला आणि उतरला, पण तापात गेलेली वासाची जाणीव परत आली नाही. त्यांनी हे कोणाला सांगितले नाही. मला मात्र कळले. भाजलेल्या नानकटायांवर त्या वाकत, खोल श्वास घेत आणि मग निमूटपणे कडांचा रंग पाहत.

लपवण्याचे कारण होते. त्यांच्या थोरल्या बहिणीकडून, म्हणजे आपांकडून, दोनदा गॅस चालू राहिला. आपांच्या सुनेने लायटर काढून घेऊन कपाटात ठेवला. आपा आता दिवसभर टीव्हीसमोर बसतात. स्वयंपाकघर गेले तर आपलेही तसेच होईल, ही धास्ती नसीमबानूंना होती. म्हणून त्या डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक करत राहिल्या, आणि ते निभावलेही.

एका रविवारी त्यांची नात आलिया म्हणाली, "दादी, माझ्या वर्गातल्या मैत्रीच्या वाढदिवसाला मी घरची चॉकलेट क्रीम बिस्किटं नेणार आहे. तिला सांगूनसुद्धा टाकलंय."

"आधी सांगायचं आणि मग दादीला विचारायचं. छान."

मैद्यात तूप, साखर आणि कोको मिसळला. पोळी जाडसर लाटून वाटीने गोल चकत्या कापल्या आणि माझ्यावर मांडल्या. क्रीमसाठी लोणी कमी पडले, म्हणून आलिया तिच्या आईबरोबर, मेहजबीनबरोबर, दुकानात गेली. नसीमबानू ओव्हनसमोर उभ्या राहिल्या. पण कोकोचे पीठ कच्चे असतानाच काळे असते. रंग पाहायचा तरी कशाचा? त्या काचेतून पाहत राहिल्या. माझ्यावर बिस्किटे जळत होती आणि मला हाक मारता येत नव्हती.

मेहजबीन जिन्यातून धावत आली, मागोमाग आलिया. मेहजबीनने बटण बंद केले, खिडक्या उघडल्या.

"अम्मी, खालपर्यंत वास येतोय. तुम्ही इथेच होतात ना?"

"इथेच आहे."

"मग?"

नसीमबानूंनी हातातल्या फडक्याची घडी घातली. "मला वास येत नाही. त्या तापापासून."

"गॅसचाही?"

"कशाचाच."

मेहजबीन स्टुलावर बसली. "म्हणून ईदला ते एवढं अत्तर! मला वाटलं, बाटली सांडली."

आलियाला हसू आवरेना. नसीमबानू मात्र हसल्या नाहीत. "घे लायटर. आपांकडचा घेतला तसा."

"आणि स्वयंपाक कोण करणार? माझी पोळी खाल्लीय ना तुम्ही?"

"खाल्लीय. म्हणून तर सांगत नव्हते."

आता दोघीही हसल्या. मग मेहजबीन शांतपणे म्हणाली, "गॅस गळला की वाजणारं यंत्र मिळतं. उद्या आणते. रात्री सिलिंडर मी बंद करीन. स्वयंपाकघर तुमचंच. पण असं लपवायचं नाही, अम्मी."

नसीमबानूंनी मान हलवली. इतक्या दिवसांनी त्यांचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

दुसऱ्या घाण्याला त्यांनी आलियाला शेजारी उभे केले. "भट्टीच्या अंधारात युसूफभाईंना तरी रंग कुठे दिसायचा? ते पत्र्याला धक्का द्यायचे. कच्चं बिस्किट चिकटून बसतं, भाजलेलं सरकतं."

हे अगदी खरे आहे. बिस्किटाने माझा हात कधी सोडला, हे मला बरोबर कळते. नसीमबानूंनी फडक्याने धरून मला हलकासा धक्का दिला. बिस्किटे सरकली.

"दादी, वास सुटलाय."

"कसा?"

आलियाने विचार केला. "कॉफीसारखा. पण गोड. आणि मागून तुपाचा."

नसीमबानूंनी डोळे मिटले. "अजून सांग," त्या म्हणाल्या.

घाईत आलियाने एका गरम बिस्किटावर क्रीम लावले. ते वितळून ओघळले. ते दादीने खाल्ले. बाकीची बिस्किटे गार होऊ दिली, मग जोड्या लावल्या आणि डबा मैत्रीकडे गेला.

मित्रांनो, माझ्यासारखा पत्रा तुमच्या घरी असेल तर तो धुऊन ओला ठेवू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा. तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आणि घरातले कोणी थोरले माणूस भाजीवर वाकून, काहीच न बोलता तुमच्या तोंडाकडे पाहत असेल, तर त्याची चूक शोधू नका. जवळ जा, आणि वास कसा आहे ते त्याला सांगा.