ओदिलियाची हजेरी

"लग्न एकट्याशी करशील, पण घरात त्याची अख्खी तुकडी येऊन बसेल," आई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. सरकारशी करार झाला होता, बंदुका देऊन झाल्या होत्या. डोंगरात वीस वर्षं बंडखोरांची तुकडी चालवलेला अर्नूल्फो आता आग्वास फ्रिआसच्या तळ्यांत मासे पाळत होता. गुडघा धरून उठणारा पन्नाशीचा माणूस. मी तिथल्या शाळेत शिकवायला गेले होते.

तुकडी काही आली नाही. ओदिलिया आली.

ती तुकडीतली. न विचारता चुलीवरचं गुळाचं पाणी ओतून घ्यायची. "काय मास्तरीणबाई, कमांडरला उपाशी ठेवता का? पार सुकलाय." त्याला मीठ किती लागतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, गोळी कुठून शिरली, सगळं तिला ठाऊक. मी विचारलं की तो म्हणायचा, "जुन्या गोष्टी गं." आणि त्याच जुन्या गोष्टींवर तिच्याबरोबर पोट धरून हसायचा.

शेवटी मी तिलाच विचारलं, तुमचं काही होतं का?

"आमच्यात जोडी जमवायला कमांडरची परवानगी लागायची," ती म्हणाली. "आता कमांडरनेच कोणाकडे मागायची? राहून गेलं!" आणि खो खो हसली. मी आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही.

आमची नायिबे तीन महिन्यांची असताना शेजारच्या वस्तीत त्याच्या दोन जुन्या साथीदारांना कोणीतरी दारातच गोळ्या घातल्या. पुढचं नाव अर्नूल्फोचं, असा निरोप आला. आम्ही शहरात आलो. कुठलं ते लिहीत नाही. ओदिलिया मागेच राहिली. "माशांना खायला कोण घालणार? तुम्ही निघा, कमांडर. लेकरू आहे."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

पण रोज संध्याकाळी माशांना घालून झालं की तिचा फोन यायचा. "सगळं ठीक, कमांडर." एवढंच. आणि तो फोन घ्यायला हा उभा राहायचा! मांडीवरची नायिबे माझ्याकडे देऊन, ताठ. मी दहा हाका मारल्या तरी खुर्चीतून न हलणारा माणूस.

परवा फोन आला नाही. कालही नाही. आपण लावला तर बंद. डोंगरात याचाच नियम होता: लागोपाठ दोन हजेऱ्या चुकल्या की शोधायला माणूस निघायचा. आज सकाळी पाहते तर बुटांना चरबी चोळत बसलेला.

"तिकडे तुझ्यावर टपलेत ते," मी म्हटलं.

"ती एकटी आहे."

"आणि आम्ही?"

"तुम्ही दोघी आहात."

"मी हरवले असते तर निघाला असतास?"

त्याने दुसरा बूट ओढला. "तू कशाला हरवशील?"

उद्याच्या पहिल्या बसने तो जाणार. रडून, भांडून, मुलीला पुढे करून झालं. एक गोष्ट उरलीय: त्याच्या आधी दुसरं कोणी तिथे पोचणं. म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी कोणी आग्वास फ्रिआसच्या आसपास असाल, तर शाळेमागच्या शेवटच्या तळ्याशी जा. निळं दार. धूर निघतोय का बघा, हाक मारा. ती बाहेर आली तर म्हणावं, आजच फोन कर, त्याच्याशी काय हवं ते बोल. नाही आली, तरी मला कळवा. मला, त्याला नको. पण आजच जाऊन बघा.