रोजची लाल पाटी

मी एक जुनं प्रमाणपत्र आहे, मित्रांनो. भिंतीवर चौकटीत मिरवणारं नव्हे हं! रक्ततपासणीच्या एका छोट्या लॅबच्या संगणकात राहणारं, डोळ्यांना न दिसणारं. लॅबच्या इंटरनेटवरच्या पानावर रुग्णांचे रिपोर्ट असत. कुणी ते पान उघडलं की "हे खरंच आपल्या लॅबचं पान आहे" अशी ग्वाही ब्राउझरला द्यायची, हे माझं काम.

लॅबवाल्या ताईंच्या भावानं मला घडवलं. ब्राउझर ज्यांना ओळखतो अशा मोठ्या संस्थेची सही आणायची सोडून पठ्ठ्यानं माझ्यावर माझीच सही ठोकली. स्वतःची साक्ष स्वतःच देणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? ब्राउझरनं लगेच लाल पाटी लावली, 'धोका!' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, ब्राउझरला याची एकदा नीट ओळख करून दे," भाऊ म्हणाला. "मग पाटी येणार नाही. आणि आलीच, तर समज की समोर दुसराच कुणीतरी आहे."

"देते रे, आधी हे नमुने तर उरकू दे!"

ते राहूनच गेलं. रोज पाटी यायची, रोज ताई न वाचता 'तरीही पुढे जा' दाबायच्या आणि म्हणायच्या, "मेली कटकट!" मला फार वाईट वाटायचं.

एकदा एक शिक्षिका आली. रिपोर्ट हातात घेऊन रडत म्हणाली, "हे शाळेत कळलं तर माझी नोकरी जाईल हो."

"माझ्याकडून कुणाला कळायचं नाही," ताईंनी शब्द दिला. अगदी मनापासून दिला.

त्याच आठवड्यात ताई प्रवासाला निघाल्या. स्थानकावरच्या फुकटच्या वायफायवर त्यांनी लॅबचं पान उघडलं. पाटी आली. पण त्या दिवशी पाटीमागे होतं ते मी नव्हेच मुळी! माझं नाव लावून त्या वायफायच्या वाटेत एक भामटा बसला होता. ब्राउझर जीव तोडून सांगत होता. ताईंनी सवयीनं 'तरीही पुढे जा' दाबलं आणि पासवर्ड टाकला. मी तिकडे लॅबमध्ये, काय करणार?

पासवर्ड भामट्याच्या हाती पडला आणि रिपोर्ट गावभर झाले. शिक्षिकेची नोकरी गेली. ती लॅबमध्ये आली, पण भांडली नाही. "कुणाला सांगितलंत?" एवढंच विचारलं.

"कुणालाच नाही हो, शप्पथ!"

ताई खरं बोलत होत्या. पण त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

उद्या भाऊ मला पुसून टाकणार आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याची आधी खात्री करा, मग एकदाच नीट ओळख करून घ्या. ते जमणार नसेल तर आम्हाला ठेवूच नका. पण पाटी रोजचीच म्हणून न वाचता पुढे जाऊ नका.

ताई आता प्रत्येक पाटी बोट ठेवून वाचतात. शिक्षिका मात्र रस्त्यात दिसली की तोंड फिरवते.