कोपऱ्यातला कप्पा

दामिनीनं अंजिराच्या काडीच्या सगळ्यात खालच्या डोळ्याला लागून ब्लेडनं तिरपा काप दिला. कापातून पांढरा चीक आला. तो तिनं पुसला नाही, तसाच वाळू दिला. मग काडी काळ्या ट्रेच्या कप्प्यात, नारळाच्या भुशाच्या ओल्या कोकोपीटमध्ये उभी केली, दोन डोळे आत आणि दोन बाहेर, आणि भोवतीनं बोटांनी दाबली.

बारा कप्पे आणि बाराच काड्या. जास्त मिळण्यासारख्या नव्हत्याच. मासे धरणाऱ्या इतवारीनं सकाळी मासोळ्यांच्या टोपलीतूनच जुडगा आणून दिला होता. अंगणाच्या कडेला उभ्या उभ्या त्यानं सांगितलं की होडी, त्याचा डोंगा, थेट अंजिराच्या फांदीला बांधावा लागला, एवढं पाणी चढलं आहे. हाताला आलं तेवढं तोडलं, खालचं सगळं पाण्यात.

"औंदा नाही वाचत ते," तो म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तिच्या सासूच्या, निर्मलाबाईंच्या, शेताची एक पट्टी तेवढी वर राहिली होती. त्या पट्टीच्या बांधावर दामिनीच्या नवऱ्यानं, निकेशनं, अंजीर लावलं होतं. तो लाखनीजवळ हायवेच्या नर्सरीत कामाला होता, तिथून करंगळीएवढं रोप आणलं होतं त्यानं. धानाच्या मुलखात अंजीर लावतो म्हणून गावानं त्याला हसून घेतलं, पोरं त्याला 'काजू-बदाम' म्हणायची. तिसऱ्या वर्षी पाच फळं आली. एक पाखरांनी खाल्लं. उरलेली चार निकेशनं ब्लेडनं चिरून घरोघर वाटली होती, नखाएवढी एकेक फोड, देवाच्या प्रसादासारखी. तो जाऊन आता चौदा महिने झाले होते. रोपं भरलेली मोटारसायकल, हायवे आणि एक ट्रक. यंदा धरणात पाणी आणखी वर चढवलं, आणि ती पट्टीही गेली.

दामिनी जाणार होती. लाखनीच्या ताराचंदचं स्थळ आलं होतं. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, बायको बाळंतपणात गेली होती, दामिनीच्या तीन वर्षांच्या मुलीला, रिंकूलाही तो आपली म्हणून नेणार होता. दामिनीचा भाऊ मनिष सिहोऱ्याहून हे सांगायला आला तेव्हा तो बहिणीच्या सासूसमोर मान वर करत नव्हता. निर्मलाबाईच म्हणाल्या होत्या, "पोरगी सत्तावीसची हाय. माझ्यासंग कायले म्हातारी करता तिले?" आणि उठून चूल फुंकायला बसल्या होत्या, चूल चांगली पेटलेली असतानाही.

तेव्हा दामिनीनं एवढंच मनाशी धरलं होतं की अंजीर सोबत न्यायचं. नव्या घरात निकेशचा फोटो लावता येणार नव्हता. झाड लावता आलं असतं. झाडाला कोणी काही विचारत नाही.

ट्रे तिनं दोन विटांवर ठेवला, खालून वारा जाईल असा. निकेशनंच तो कधीतरी नर्सरीतून आणला होता. त्याच्या कप्प्यांना बुडाशी आणि बाजूंनी लांब फटी होत्या. निर्मलाबाईंनी तो उचलून उजेडाकडे धरून पाहिला.

"चाळणी हाय का ट्रे?"

दामिनीला हसू आलं. खूप दिवसांनी आलं.

पंधरा-वीस दिवसांत डोळे फुगले, मग पानं उलगडली, मांजराच्या कानाएवढी. रिंकू रोज मोजायची आणि रोज वेगळा आकडा सांगायची. निर्मलाबाईंनी शेजारच्या आनंदाबाईंना बोलावून दाखवलं, आमच्या सुनेच्या हाताला गुण आहे म्हणून. दामिनी मात्र रोज ट्रेच्या फटीच पाहायची. काडीत साठलेल्या रसावरही पानं येतात, मूळ नसतानाही येतात, हे तिला माहीत होतं. निकेश म्हणायचा, पानावर जाऊ नको, पान खोटं बोलते. होळीपर्यंत सात काड्यांची पानं लोंबली आणि गळली. पाच राहिल्या.

त्या पाचांच्या फटींतून मग एका सकाळी पांढरी टोकं दिसली. दामिनी ट्रेपाशी गुडघे टेकून किती वेळ बसली ते तिचं तिलाच कळलं नाही. चुलीवर भात लागला होता.

चार दिवसांनी निर्मलाबाईंनी तिला हाक मारली. पांढरी टोकं करपून तपकिरी झाली होती.

"मुळ्या वाळून राहिल्या वो, बाई."

"वाळू द्या, आई. हवा लागली का टोक वाळते. मग मागून धा फुटतात. त्याच्यासाठीच तर ह्या फटी हायेत."

निर्मलाबाईंनी वाळल्या टोकाला बोट लावून पाहिलं.

"म्हणजे बाहेर आली का मरतेच?"

 हायवेवरून येणाऱ्या कुठल्याही गाडीचा आवाज ह्या गावापर्यंत पोहोचत नव्हता, तरी दोघी तो ऐकत असल्यासारख्या उभ्या राहिल्या.

होळी झाल्यावर मनिष बहिणीला आणि भाचीला बारा दिवसांसाठी सिहोऱ्याला घेऊन गेला. कपडे घ्यायचे होते, ताराचंदची माणसं एकदा येऊन जायची होती. निघताना दामिनीनं सासूला ट्रेचं सांगितलं. एक दिवसाआड, हातानं शिंपडून, भिजण्यापुरतं. निर्मलाबाई मान डोलवत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या की मले काय धानाच्या पऱ्ह्याले पाणी घालता येत नाही का, जन्म गेला त्याच्यात.

सिहोऱ्याला ताराचंद एकदा आला. हळू बोलणारा माणूस होता. रिंकूसाठी त्यानं चपलांचा जोड आणला होता, एक बोट मोठा. "वाढेल," तो म्हणाला. दामिनीला त्याचा राग यावा असं काहीच त्याच्यात नव्हतं, आणि त्याचंच तिला रडू आलं.

बाराव्या दिवशी ती परतली तेव्हा ट्रे विटांवरच होता. लांबून पानं दिसली नाहीत. जवळ गेल्यावर आधी वास आला, साचलेल्या डबक्याचा.

सगळ्या फटी बुजवल्या होत्या. तळ्याची काळी, चिकण माती आणून, एकेक फट बोटानं लिंपून घेतली होती. भिंत लिंपतात तशी, तेवढ्याच निगुतीनं. मातीत बोटांचे ठसे वाळले होते. आणि प्रत्येक कप्प्यात काठोकाठ पाणी उभं होतं.

धान करणाऱ्या माणसाला पाणी गळताना बघवत नाही. बांधीचा पार फुटून शेतातलं पाणी निघालं की भर पावसात फावडं घेऊन धावणारी बाई ती. तिनं मुळ्या वाळताना पाहिल्या, पाणी खालून निसटताना पाहिलं, आणि तिला येत होतं ते केलं.

दामिनीनं एक काडी बोटांनी हलवली. ती नुसती वर आली. बूड काळं, बुळबुळीत झालं होतं, साल चिमटीत निघून आली. दुसरीही तशीच. तिसरी. चौथी. ट्रेचा एक कोपरा मात्र विळ्यानं कापून काढलेला होता. पाचव्या काडीचा कप्पाच नव्हता.

"ते तू गेली तवाच मेलं," निर्मलाबाई मागून म्हणाल्या. त्या चुलीकडे पाहत होत्या. "म्या फेकून देल्लं."

 दामिनीनं ट्रे न्हाणीत नेला, माती खरवडून काढली आणि धुतला, एकेक फट मोकळी होईपर्यंत धुतला. ताटावर बसल्यावर निर्मलाबाईंचा हात भातातच राहिला. "मले वाटलं का..." एवढं म्हणून त्या थांबल्या. दामिनीनं वरण वाढलं. 

दुसऱ्या दिवशी ती काठावर गेली, इतवारी जाळं सुकवत होता तिथं. आणखी काड्या मिळतील का, तिनं विचारलं. त्यानं जाळ्यातली एक गाठ सोडवली, मग पाण्याकडे बोट केलं. दूरवर एक पांढरं, साल निघालेलं लाकूड पाण्यातून वर आलेलं दिसत होतं. त्यावर दोन पाणकावळे पंख पसरून बसले होते.

"ते हाय," इतवारी म्हणाला.

तिसऱ्या सकाळी मनिष पिकअप घेऊन आला. सामान थोडंच होतं, दोन पेट्या, एक शिवणयंत्र, रिंकूची तीनचाकी. निर्मलाबाई एकेक वस्तू स्वतः आणून देत होत्या. निकेशचं घड्याळ दिलं. त्याचं कलमाचं ब्लेड कापडात गुंडाळून दिलं. दामिनीनं धुतलेला, कोपरा कापलेला ट्रे आणला आणि पेट्यांच्या मध्ये बसवला. मनिषनं काय आहे म्हणून विचारलं नाही.

रिंकूला कडेवर घेऊन निर्मलाबाई गाडीपर्यंत गेल्या, तिला सीटवर ठेवलं, पायाला मोठ्या होणाऱ्या चपला पायांत नीट बसवल्या. मग परत फिरून आल्या आणि दामिनीचं मनगट धरलं.

"इकडं ये जरा."

न्हाणीच्या मागं, जिथं सांडपाणी जिरतं आणि जमीन सदा गार असते, तिथं एक टोपली पालथी घातलेली होती. निर्मलाबाईंनी ती उचलली.

खाली काळ्या प्लॅस्टिकचा एक कप्पा होता, विळ्यानं कापलेला, गळ्यापर्यंत मातीत बसवलेला. त्यात एक काडी, आणि काडीवर तीन पानं. तिसरं नवं होतं, अजून दुमडलेलं.

"म्या चोरलं, पोरी."

दामिनी काडीपाशी वाकली.

"पाच होते ना. चार पुरतील तुले, असं म्हणलं. सगळ्यात बारकं घेतलं. मोठं नाही घेतलं." निर्मलाबाईंचा आवाज एकसारखा होता, हिशेब सांगावा तसा. "बाकीच्याले तं जीव लावून पाणी घातलं, वो. त्याईले कमी पडू नाही म्हणून. आन् ह्याच्याकडं पाह्यलंबी नाही, लपवाचं म्हणून. हेच राह्यलं."

बारा काड्या लावल्या त्या दिवसापासून, एक तुम्हाला ठेवू का, असं दामिनीनं एकदाही विचारलं नव्हतं. तो प्रश्न तिच्या मनात आलाच नव्हता. आता ती शोधत होती की कधीतरी आला असेल, आणि तो कुठंच सापडत नव्हता.

"तुझं हाय. ने," निर्मलाबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या, कमरेचा विळा काढला आणि कप्प्याच्या कडेनं माती उकरू लागल्या. कप्पा हलला, पण सुटला नाही. फटींतून मुळ्या बाहेर पडल्या होत्या आणि कुणी वाळवल्या नव्हत्या. चारी बाजूंनी त्या जमिनीत गेल्या होत्या, दोऱ्याएवढ्या, पांढऱ्या. निर्मलाबाईंनी विळ्याचं टोक एका मुळीखाली घातलं. 

दामिनीनं त्यांचा हात धरला.

रस्त्यावरून मनिषची हाक आली. उन्हाच्या आत निघायला पाहिजे, आणि काही राहिलं आहे का.

"काही नाही राहिलं," दामिनी तिथूनच मोठ्यानं म्हणाली. "एकही जगलं नाही रे. सगळे गेले."

निर्मलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दामिनीनं त्यांच्या हातातून विळा काढून घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला. उकरलेली माती दोन्ही हातांनी परत लोटली, दाबली. सासूची तर्जनी धरली, आणि काडीच्या शेजारी, पेरापर्यंत, मातीत खुपसली.

"असं रोज पाहजा, आई. बोटाले ओलं लागलं तं पाणी नाही घालाचं. कोरडं लागलं तरच."

"तरच," निर्मलाबाई म्हणाल्या.

दामिनी वाकून पाया पडली, आणि उठली तेव्हा मागं वळली नाही. गाडी सुरू झाली. गल्लीच्या वळणावर रिंकूनं मागच्या काचेला तोंड लावून हात हलवायला सुरुवात केली, आणि आजी हात हलवत नाही म्हणून ती रुसून आईकडे वळली. तेव्हा दामिनीनं पाहिलं. न्हाणीच्या मागचा तेवढाच कोपरा घरांच्या फटीतून दिसत होता. निर्मलाबाई उकिडव्या बसल्या होत्या, आणि त्यांचं बोट अजून मातीतच होतं.